चाळीसची सिरिंज, शंभरचे औषध

२०२२ च्या जून महिन्यात, चौदा वर्षे गोळ्यांवर रेटत आणलेला माझा मधुमेह गोळ्यांना जुमानेनासा झाला. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा १०.८ आला, आणि एरवी साधी गोळी बदलतानाही माझे मत विचारणाऱ्या आमच्या डॉक्टरांनी या वेळी काही न विचारता चिठ्ठीवर इन्सुलिन लिहिले: तीस-सत्तरचे, म्हणजे लवकर आणि सावकाश लागू होणाऱ्या इन्सुलिनचे तयार मिश्रण, सकाळी १४ युनिट आणि रात्री ८ युनिट, दोन्ही वेळा खाण्याआधी अर्धा तास. गिरगावातल्या आमच्या चाळीत इन्सुलिनचे नाव निघाले की बोलणारा आवाज उतरवतो. अमका इन्सुलिनवर गेला, म्हणजे आता त्याचे काही खरे नाही, असे समजायची रीत आहे. ती चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात घेऊन मी आठवडाभर हिंडलो, हे कबूल केले पाहिजे. सदरा धुवायला टाकताना पत्नीला ती सापडली आणि तिने "अहो, हे काय?" एवढेच विचारले, तेव्हा उत्तर देण्याऐवजी मी चपला घालून केमिस्टकडे गेलो.

माझे सारे आयुष्य छापखान्यात गेले. मी मुद्रितशोधक होतो. शिशाचे खिळे जुळवण्याच्या काळात लागलो आणि संगणकाच्या काळात निवृत्त झालो. हे सांगण्याचे कारण असे की, सुई टोचून घेण्याची जी धास्ती मी बाळगून होतो ती चार दिवसांत ओसरली, पण त्यानंतरच्या तीन वर्षांत माझ्या हातून ज्या चुका झाल्या किंवा होता होता राहिल्या, त्या सगळ्या वाचण्यातल्या आणि दुरुस्ती पुढे न नेण्यातल्या होत्या. म्हणजे ज्या कामाचा मी पगार घेत आलो, नेमक्या त्याच कामातल्या.

डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या सिस्टरने मला शिकवायला घेतले तेव्हा मी बाही वर करून बसलो होतो. तिने सुईला हातही लावला नाही. औषधाची बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "काका, हिच्यावर काय लिहिलंय ते मोठ्याने वाचा." मी औषधाचे नाव वाचले, मुदतीची तारीख वाचली आणि थांबलो. तिने बोट ठेवून दाखवले: एका मिलिलिटरला ४० युनिट. मग सिरिंज दिली आणि तिच्यावरही तोच आकडा शोधायला लावला. आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन बहुधा चाळीसचे असते आणि टोचायच्या पेनातले शंभरचे, म्हणून सिरिंजाही दोन तऱ्हेच्या मिळतात. चाळीसच्या सिरिंजेचे टोपण लाल आणि शंभरच्या सिरिंजेचे नारिंगी. "पण रंगावर जायचं नाही," ती म्हणाली, "आकडा वाचायचा. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजेवरचा आकडा एकच असला तरच टोपण काढायचं." दहा मिलिलिटरच्या त्या बाटलीत ४०० युनिट होती आणि मला रोज २२ लागणार होती, तेव्हा एक बाटली अठरा दिवस पुरेल असा हिशेब मी तिथेच बसून केला. तो हिशेब पुढे एका वेगळ्याच कामी आला. अठरा दिवसांत बाटली संपली नाही किंवा त्याआधीच संपली, तर मोजण्यात कुठेतरी घोळ आहे हे मला आपोआप कळू लागले.

घरी पहिल्या दिवशी मी एकूण पाऊण तास घेतला. आता तेच काम चार मिनिटांत होते, आणि क्रम अजून तोच आहे. साबणाने हात धुवायचे. हे औषध दुधाळ असते आणि ठेवून ठेवून त्याचा साका तळाशी बसतो, म्हणून बाटली दोन्ही तळव्यांमध्ये धरून दहा वेळा हलकेच घोळवायची आणि दहा वेळा सावकाश उलटी-सुलटी करायची. ताक घुसळल्यासारखी जोराने हलवायची नाही, त्याने फेस होतो आणि मोजमाप चुकते. सगळीकडे सारखा दुधी रंग आला नाही, गुठळ्या दिसल्या किंवा काचेला पांढरे कण चिकटून राहिले, तर ती बाटली वापरायची नाही. बाटलीचे रबर स्पिरिटच्या कापसाने पुसायचे. जितकी युनिट औषध काढायचे तितकीच हवा आधी सिरिंजेत ओढून ती बाटलीत सोडायची, म्हणजे आत पोकळी होत नाही आणि दट्ट्या ओढताना हाताला ताण पडत नाही. मग सुई आतच ठेवून बाटली उलटी धरायची आणि औषध ओढायचे. बुडबुडा आला तर सिरिंजेवर टिचकी मारून तो वर आणायचा आणि बाटलीत परत ढकलायचा. त्या बुडबुड्याने जिवाला धोका होतो अशी माझी समजूत होती, ती सिस्टरने खोडून काढली. चामडीखाली गेलेला एवढासा बुडबुडा काही करीत नाही, पण त्याने अडवलेल्या जागेइतके औषध कमी जाते आणि तेच त्याचे नुकसान. सिरिंजेवरच्या रेघा मी माझ्या जुन्या भिंगातून वाचत असे. ज्या भिंगाने रफारातला आणि अनुस्वारातला फरक शोधला, त्याने १४ वी रेघ शोधणे अवघड नव्हते.

टोचण्याची जागा पोटावर, बेंबीपासून निदान तीन बोटे दूर. माझ्या सिरिंजेची सुई सहा मिलिमीटरची होती, म्हणून अंगठा आणि पहिल्या दोन बोटांनी चामडीची घडी हलकेच उचलायची. घडीत फक्त चामडी आणि तिच्याखालची चरबी यावी, मांस येऊ नये, कारण औषध मांसात गेले तर ते भराभर रक्तात उतरते आणि साखर अवेळी खाली जाते. सुई आत गेली की दट्ट्या सावकाश पूर्ण दाबायचा, मनात दहा अंक मोजायचे, सुई जशी आत गेली तशीच सरळ बाहेर काढायची आणि त्यानंतर घडी सोडायची. वर चोळायचे नाही. पहिल्या टोचणीला मला चांगलीच आग झाली आणि मी सुईला दोष दिला. दोष स्पिरिटचा होता. ते पूर्ण वाळू द्यायचे असते, आणि मी घाबरून ओल्या जागेवरच सुई खुपसली होती. फ्रिजमधून तशीच काढलेली थंड बाटलीही झोंबते, म्हणून तीही थोडा वेळ आधी बाहेर काढून ठेवू लागलो.

त्या पहिल्या दिवशी सुई हातात धरून बसलेलो असताना मला एका जुन्या लेखाची प्रुफे आठवली. टोरोंटोमध्ये १९२१ साली बँटिंग आणि बेस्ट या संशोधकांच्या प्रयोगांतून इन्सुलिन हाती लागले, आणि ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचले. त्या वर्षाचे आमच्या जुळाऱ्याने १९३२ केले होते आणि मी ते पकडले होते, म्हणून ती तारीख डोक्यात राहिली. पहिल्या टोचणीचा त्या मुलाला म्हणावा तसा उपयोग झाला नाही, उलट टोचलेल्या जागी गळू झाले. बारा दिवसांनी, अधिक शुद्ध केलेले औषध दिल्यावर त्याची साखर उतरली. माझ्यासमोरची बाटली गाळीव, शुद्ध आणि सीलबंद होती, आणि मी त्या पोराच्या चौपटीहून मोठा होतो. त्याची आठवण येताच मला स्वतःची थोडी लाज वाटली आणि सुई आत गेली.

औषध ठेवण्याचे प्रकरण मात्र सरळ गेले नाही. न उघडलेली बाटली २ ते ८ अंश तापमानात ठेवायची, पण गोठू द्यायची नाही, हे मला ठाऊक होते आणि पत्नीला मी सांगितले नव्हते. आमचा फ्रिज जुना, एका दाराचा. एका रविवारी बोंबील आणि कोळंबी आली, जागा करताना तिने इन्सुलिनचा खोका बर्फाच्या कप्प्याला टेकवून ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी दोन बाटल्यांमध्ये बर्फाचे पापुद्रे दिसले. वितळल्यावर त्या वरवर पूर्वीसारख्या दिसू लागल्या, तेव्हा टाकून द्यायला जीव होईना. पण एकदा गोठलेल्या इन्सुलिनचा भरवसा धरता येत नाही, म्हणून टाकल्या. त्या दिवसापासून भाजीच्या ड्रॉवरच्या वरच्या फळीवर, मागच्या भिंतीपासून दूर, एका झाकणाच्या डब्यात औषध असते. कुणीतरी मातीच्या दोन मडक्यांमध्ये ओली वाळू घालून त्यात बाटली ठेवण्याची युक्ती सांगितली. ती युक्ती खरी आहे आणि वीज नसलेल्या ठिकाणी उपयोगाचीही आहे, पण तिचा गारवा पाणी उडून जाण्यावर अवलंबून असतो, आणि मुंबईच्या दमट हवेत वाळत घातलेला पंचासुद्धा लवकर सुकत नाही. उघडलेल्या बाटलीवर मी उघडल्याची तारीख लिहितो. साधारण महिन्याभरानंतर ती वापरायची नसते. माझी त्याआधीच संपते.

अर्ध्या तासाचा नियम मी पहिल्या गणपतीत मोडला. आठ वाजता इंजेक्शन घेतले आणि साडेआठला जेवायचे म्हणून खाली मंडपात नुसते डोकावायला गेलो. आरत्या सुरू झाल्या. गिरगावात आरत्या सुरू झाल्या की त्या केव्हा संपतील हे गणपतीलाही सांगता येत नाही, आणि मधून निघून येणे बरे दिसत नाही. मंत्रपुष्पांजलीपर्यंत हाताला कापरे भरले आणि घाम फुटला. मी तबकातून मोदक उचलला आणि नैवेद्य दाखवायच्या आतच खाल्ला. चाळीतल्या वहिनींनी पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले. तेव्हापासून ताट समोर वाढायला घेतल्याचे दिसल्याशिवाय मी सिरिंज हातात घेत नाही.

आता एक गोष्ट जी मी लिहू नये असे पत्नीचे म्हणणे आहे. सुरुवातीच्या दिवसांत वापरलेली सिरिंज टोपण लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून मी केराच्या बादलीत टाकत असे. माझ्या मते ते पुरेसे होते. ऑगस्टमध्ये एके दिवशी आमचा जिना झाडणाऱ्या बाईंना पिशवी उचलताना बोटाला सुई लागली. टोपण निघाले होते, कागद पावसाने भिजून फाटला होता. त्यांनी सवयीने बोट तोंडात घातले. खालच्या मजल्यावरच्या एका मुलीने, जी परिचारिकेचे शिक्षण घेत होती, त्यांना थांबवून नळाच्या धारेखाली साबणाने बोट धुवायला लावले, पिळू दिले नाही, आणि ताबडतोब इस्पितळात न्यायला सांगितले. मी त्यांच्याबरोबर महापालिकेच्या इस्पितळात गेलो. तिथे त्यांच्याइतकेच माझेही रक्त घेतले, कारण सुई माझी होती. एचआयव्ही आणि काविळीच्या ब व क या प्रकारांच्या तपासण्या माझ्या बाजूने स्वच्छ निघाल्या, तरी त्या बाईंना पुढे काही महिन्यांनी पुन्हा तपासणीसाठी जावे लागले, आणि दर खेपेला त्यांचा अर्धा दिवस बुडाला. मी तो भरून दिला, पण त्यांनी ते पैसे ज्या नजरेने घेतले ती नजर मला पुढे बरेच दिवस जिन्यावर भेटत राहिली. २०१६ च्या घनकचरा नियमांत घरातल्या वापरलेल्या सुया आणि सिरिंजा घरगुती घातक कचऱ्यात धरल्या होत्या, म्हणजे त्या ओल्या-सुक्या कचऱ्यात मिसळायच्याच नसतात. हे मला कोणी सांगितले नव्हते हे खरे, आणि मी विचारले नव्हते हेही तितकेच खरे. त्या दिवसापासून कपडे धुण्याच्या द्रव साबणाची जाड प्लास्टिकची रिकामी बाटली, फिरकीच्या झाकणाची, सुयांसाठी ठेवली आहे. सुईचे काम संपले की ती टोपण न लावता थेट बाटलीत जाते, कारण टोपण परत लावतानाच स्वतःला सुई लागण्याचा संभव अधिक असतो. बाटली पाऊण भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून मी ती डॉक्टरांच्या दवाखान्यात देत असे, तिथून ती त्यांच्या वैद्यकीय कचऱ्याबरोबर जाई. २०२५ मध्ये महापालिकेने घरोघरचा सॅनिटरी आणि विशेष काळजी घेण्याजोगा कचरा वेगळा नेण्याची सेवा सुरू केली, तेव्हा चाळीच्या समितीत मी तिच्या नोंदणीचा विषय काढला आणि अर्जही मीच भरला.

जवळजवळ दोन वर्षे अशी गेली आणि मी स्वतःला तरबेज समजू लागलो. त्याच काळात एक विचित्र गोष्ट घडत होती. साखर कधी १४०, कधी २८०, आणि कारण काही सापडेना. डॉक्टर मात्रा वाढवत गेले. १४ ची १८ झाली, २२ झाली, २६ झाली. रात्रीची ८ ची १६ झाली. माझे पथ्य चुकत असणार असा सगळ्यांचा समज, आणि मीही मुकाट्याने भात अर्धा केला. २०२४ च्या फेब्रुवारीत डॉक्टरांनी मला मधुमेहाचे शिक्षण देणाऱ्या एका बाईंकडे पाठवले. त्यांनी वही पाहिली नाही, सदरा वर करायला सांगितला आणि बोटे सपाट ठेवून पोट चाचपले. बेंबीच्या दोन्ही बाजूंना पेढ्याएवढ्या दोन मऊ गाठी होत्या. "तुम्ही रोज इथेच टोचता ना? इथे दुखत नाही म्हणून?" त्यांनी विचारले. अगदी तसेच होते. सुरुवातीला मी जागा बदलत असे, पण त्या दोन जागी टोचलेले कळतच नाही असे ध्यानात आल्यावर मी तिथेच स्थिरावलो होतो, आणि आपला हात बसला म्हणून दुखत नाही अशी फुशारकीही मारत होतो.

एकाच जागी वारंवार इन्सुलिन गेले की त्याच औषधाच्या परिणामाने तिथली चरबी फुगते. बोथट सुई हे काम लवकर करते. आणि पैसे वाचवण्यासाठी मी एक सिरिंज तीन-चार वेळा वापरत होतो हेही त्या बैठकीत बाहेर आले. अशा गाठीत टोचताना दुखत नाही हे खरे, पण तिथून औषध केव्हा आणि किती रक्तात उतरेल याचा नेम उरत नाही. म्हणजे माझे बरेचसे औषध पोटात अडकून पडत होते आणि त्याचा ठपका भातावर येत होता. त्यांनी लिहायच्या पेनाने दोन्ही गाठींभोवती वर्तुळे काढली आणि काही महिने त्यांच्या आत सुई न नेण्यास सांगितले. पोटाचे चार भाग करायचे, आठवड्याला एक भाग धरायचा, त्यातही दर टोचणी आधीच्या टोचणीपासून बोटभर दूर. शिवाय मांडीचा बाहेरचा वरचा भाग आहेच. एक सुई एकदाच. आणि त्यांनी बजावले की ताज्या जागेत औषध पूर्ण लागू पडेल, तेव्हा पूर्वीची मात्रा जास्त होईल. डॉक्टरांना तिथूनच फोन करून त्यांनी मात्रा उतरवून घेतली. सकाळी २६ ऐवजी २०, रात्री १६ ऐवजी १२.

हे सगळे ऐकून, मान डोलावून, घरी येऊन मी रात्री १६ युनिट घेतली.

कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या कागदावर १६ लिहिले होते. नवा आकडा खिशातल्या चिठ्ठीवर होता आणि खिसा खुंटीवर. जागा मात्र मी आज्ञाधारकपणे बदलली, मांडीवर टोचले. छापखान्यात याहून मोठे पाप नाही. दुरुस्ती झाली, सगळ्यांनी पाहिली, आणि मशीनवर जुनाच फर्मा चढला. रात्री पावणेतीनला जाग आली ती उशी भिजल्यामुळे. छातीत धडधडत होते, जीभ जड झाली होती, आणि दिवा कुठे लावतात हे मला आठवेना. पत्नीने बोटाला सुई लावून मीटर पाहिले: ५२. सत्तरच्या खाली गेली की वाट पाहायची नाही, हे तिला पाठ होते. तिने तीन चहाचे चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात घालून मला पाजली आणि घड्याळ समोर ठेवून बसली. पंधरा मिनिटांनी ६६. पुन्हा तीन चमचे. पुन्हा पंधरा मिनिटे. ९४. मग तिने उरलेली पोळी दुधात कुस्करून दिली. पुढे तिने सांगितले की त्या अर्ध्या तासात तिला एकच धास्ती होती: माझी शुद्ध हरपली तर तोंडात काहीही ओतायचे नाही, ते घशात अडकते, सरळ इस्पितळ गाठायचे, हे तिला ठाऊक होते, पण अपरात्री चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरून मला खाली न्यायला कोणाकोणाला उठवायचे, याची यादी ती मनात जुळवत होती.

सकाळी मी कपाटावरचा कागद फाडून नवा लावला. त्यावर आता चार रकाने आहेत: तारीख, आकडा, जागा आणि टोचण्याआधीची साखर. डॉक्टरांनी मात्रा बदलली की दवाखान्याच्या दारातून बाहेर पडण्याआधी मी घरी फोन करतो आणि पत्नी जुना आकडा खोडते. नव्या हिशेबाने साखर महिन्याभरात १३० ते १७० च्या दरम्यान आली. भात पूर्ववत झाला. गाठी लहान होत गेल्या. डावीकडची अजून थोडी आहे.

त्याच वर्षी दिवाळीनंतर उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू इतका वाढला की भिंगातूनही सिरिंजेच्या रेघा एकमेकींत मिसळू लागल्या, म्हणून डॉक्टरांनी पेन दिले. पेन १९८५ पासून बाजारात आहेत आणि मला ते श्रीमंतांचे काम वाटत असे. खर्च जास्त येतो हे खरेच, पण आकडा फिरवताना दर युनिटला टक असा आवाज येतो आणि डोळे मिटूनही मोजता येते, हे माझ्यासारख्याला मोलाचे. चार मिलिमीटरची सुई सरळ टोचायची, घडी धरावी लागत नाही. दर खेपेला नवी सुई लावल्यावर दोन युनिट हवेत सोडून टोकाला थेंब येतो का ते पाहायचे, मगच मात्रा लावायची. काम झाले की सुई काढून टाकायची. ती पेनाला तशीच ठेवली तर हवा आत शिरते, औषध गळते, आणि दुधाळ औषधातले पाण्याचे व साक्याचे प्रमाण बिघडते. पेनात तीन मिलिलिटरचे कार्ट्रिज बसते आणि त्यात ३०० युनिट असतात, कारण ते औषध शंभरचे. मात्रा तीच राहिली, २० आणि १२; युनिट म्हणजे युनिट, ते पातळ औषधात असो की दाटात.

हे मला समजले होते, असे मी समजत होतो. २०२५ च्या जुलैत एका रविवारी सकाळी पेनाचे बटण अडकले. बाहेर पाऊस धो धो, दवाखाना बंद. शेजारचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे, त्याने पेन उघडून पाहिले आणि म्हणाला, "काका, औषध तर तेच आहे ना? जुन्या सिरिंजेने यातूनच ओढा, २० युनिट." बोलण्यात काहीच खोट दिसत नव्हती. कपाटात लाल टोपणाच्या सिरिंजा उरल्या होत्या. मी कार्ट्रिजचे रबर पुसले, सिरिंजेचे टोपण काढले, आणि डोळ्याला नीट दिसत नव्हते म्हणून पत्नीला म्हटले, "विसाची रेघ तेवढी बघ." ती रेघ शोधायला चष्मा लावून वाकली आणि तिने आधी सिरिंजेवरचे मोठे अक्षर वाचले, "चाळीस." मग माझ्या हातातले कार्ट्रिज फिरवून, काही विशेष मनात नसताना, तेही वाचले, "शंभर."

सिरिंजेवर विसाची रेघ म्हणजे अर्धा मिलिलिटर. शंभरच्या औषधाच्या अर्ध्या मिलिलिटरमध्ये ५० युनिट असतात. त्या रात्री चार युनिट जास्त गेली तेव्हा ५२ पर्यंत उतरलो होतो. आता तीस जास्त जाणार होती. मी सिरिंज खाली ठेवली. हात थरथरत होता आणि त्या वेळी माझी साखर कमी नव्हती. डॉक्टरांनी दुसऱ्या हाकेला फोन उचलला आणि सांगितले की कार्ट्रिजला सिरिंज लावायचीच नाही. त्याच इन्सुलिनची चाळीसची बाटली आणा आणि लाल सिरिंजेने घ्या. छत्री असून भिजत मी ठाकूरद्वारच्या नाक्यापर्यंत गेलो. केमिस्टने बाटली काढून दिली आणि सिरिंजेचे विचारताच तोच म्हणाला, "कुठली देऊ, चाळीसची की शंभरची?" तीन वर्षांत मला हा प्रश्न विचारणारा तो पहिला केमिस्ट. सकाळचे इंजेक्शन साडेसातऐवजी नऊला झाले, नाश्ता साडेनऊला.

सोमवारी नवे पेन आणले. पेनाचे सगळे सामान आता चहाच्या डब्यांशेजारी एका पत्र्याच्या डब्यात असते, आणि अडीअडचणीसाठी आणलेल्या लाल सिरिंजांचा डबा देवघराखालच्या कप्प्यात. त्यांची बाटली फ्रिजमध्ये ‘४०’ लिहिलेल्या डबीत. तिन्ही ठिकाणी आकडे पत्नीने मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवले. डबीवरचा तिचा ४ मला ५ सारखा वाटला, म्हणून मी तो खोडला, समासात खूण केली आणि शेजारी पुन्हा लिहिला.